पिल्लू येण्याआधीचं अंगण : सांगलीतल्या एका घराचं प्रकरण

घरी पिल्लू आणायचं ठरलं की लोक आधी दुकानात जातात. पट्टा, वाडगी, गादी, खेळणी घेतली की तयारी झाली असं वाटतं. मी सांगलीत पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवते. कोवळी पिल्लं ज्या कारणांनी दगावतात त्यांतली बरीचशी मातीत, कुंडीत, फडताळात आणि घरच्या रोजच्या सवयींत दडलेली असतात. खालच्या घरात अशा बऱ्याच गोष्टी एकाच वेळी समोर आल्या, म्हणून हे प्रकरण मांडते आहे. कुटुंबाची संमती घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.

पार्श्वभूमी

शामरावनगरच्या बाजूला एक जुनं बैठं घर आहे. समोर पोर्च, तिथून गेटपर्यंत फरशीची वाट, दोन्ही बाजूंना आणि मागे मिळून चांगली मोठी परसबाग. माती काळी, पावसात पाणी धरून ठेवणारी. काही वर्षं हे घर भाड्यानं दिलेलं होतं. थंडी सरताना मालकांचं कुटुंब स्वतः तिथे राहायला आलं. आजोबा साखर कारखान्यातून निवृत्त, त्यांना सगळे आण्णा म्हणतात. आजी, मुलगा, सून, अकरा वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात. मुलगा बेदाण्याच्या व्यापारात आहे, तासगावच्या बाजारात त्याची सतत ये-जा. सून शाळेत शिकवते.

सुनेच्या माहेरी, तासगाव तालुक्यात, द्राक्षबाग आहे. तिथली गावठी कुत्री फेब्रुवारीच्या मध्याला व्यायली. त्यातली एक मादी या घराला द्यायचं ठरलं. शेतावर मादी पिल्लू सहसा कुणाला नको असतं, त्यामुळे 'लवकर न्या' असा तिकडून लकडा होता. मुलांना पाडव्याला पिल्लू येणार असा शब्द देऊन झाला होता.

मार्चमध्ये सून दवाखान्यात आली. फोनवर खरेदीची यादी होती आणि प्रश्न एकच: "मॅडम, अजून काय घ्यायचं राहिलं?" यादी चांगली होती. मी म्हटलं, घर एकदा बघू दे. ओळखीच्या माणसांनी आधी विचारलं तर मी पिल्लाच्या आधी घर बघून येते. जमिनीवर बसून, पिल्लाच्या उंचीवरून घर पाहिलं की निम्म्या गोष्टी आपोआप दिसतात.

अडचण : मातीचा इतिहास

मी बागेत उभी असताना शेजारच्या काकू कंपाउंडवरून सहज म्हणाल्या, "आधीच्या भाडेकरूंचं पण एक पिल्लू होतं की. दिवाळीच्या सुमारास गेलं बिचारं. तीन दिवसांत खलास." लक्षणं विचारली. खाणं बंद, उलट्या, मग रक्ताचे पातळ जुलाब आणि त्याला येणारा तो उग्र वास. सुनेनं तिथूनच भाडेकरूला फोन लावला. त्यानं सांगितलं, डॉक्टरांनी पार्वो म्हटलं होतं.

तिथून या प्रकरणाचा रंग बदलला. पार्वोचा विषाणू आजारी पिल्लाच्या विष्ठेतून अफाट संख्येनं बाहेर पडतो आणि बाहेर फार चिवटपणे टिकतो. त्याला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे ज्या साबणानं किंवा फिनेलनं इतर अनेक जंतू मरतात त्यांना हा दाद देत नाही. जमिनीत तो किती दिवस राहील हे ऊन, ओल आणि सावली यांवर ठरतं. सर्वसाधारणपणे उन्हातली जागा ५ महिने आणि सावलीतली जागा ७ महिने दूषित धरून चालतात, आणि परिस्थिती त्याला मानवली तर वर्षभरही तो तग धरतो. माणसाला त्याचा त्रास नाही. पण चपलेला चिकटून तो घरभर फिरतो.

भाडेकरू पिल्लू कुठे बांधायचे तेही काकूंनी दाखवलं. मागच्या बाजूला, रामफळाच्या झाडाखाली. तिथे दिवसभर सावली असते आणि मोरीचं पाणी त्याच आळ्यात सोडलेलं होतं. विषाणू टिकायला याहून सोयीची जागा त्या बागेत दुसरी नव्हती. झाडाच्या खिळ्याला जुनी साखळी अजून लटकत होती. त्या पिल्लाची प्लास्टिकची वाटी आजींनी धुऊन पुसून पोर्चच्या कठड्यावर ठेवली होती, चिमण्यांना पाणी ठेवायला.

अडचण : झाडं, पेंड आणि बेदाणे

गेटशी दोन कण्हेरी होत्या, एक गुलाबी, एक पांढरी. रोजच्या पूजेची फुलं तिथलीच. कण्हेरीचा पाला, फूल, खोड, सगळंच विषारी आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालतं. वाळलेल्या पानातही विष तसंच राहतं. पिल्लू झाडावर चढणार नाही, पण खाली पडलेलं पान ते हमखास चघळणार. पोर्चमध्ये सायकसची मोठी कुंडी होती. बंगल्यांत शोभेला ठेवतात ते हे झाड यकृत निकामी करतं आणि त्याच्या बिया सर्वांत घातक. जिन्यावरच्या मनीप्लांटनं तोंडाची आग होते, लाळ गळते, पण जिवावर बेतणं विरळा. तो मी फक्त वर टांगायला सांगितला. सगळ्याच झाडांना सारखं घाबरलं की माणूस कंटाळतो आणि खरं घातक झाड तसंच राहून जातं.

आण्णांच्या गुलाबांच्या आळ्यात एरंडीची पेंड घातलेली होती आणि जिन्याखाली उघडं पोतं. मी थांबले तेव्हा आण्णा म्हणाले, "मॅडम, पेंड तर जनावरं खातात की." शेंगदाण्याची आणि सरकीची खातात. एरंडीच्या पेंडीत मात्र बियांतलं रिसिन हे विष राहिलेलं असू शकतं, आणि कुत्र्याला तिचा वास खाण्यासारखा येतो. खत घातलेलं आळं उकरून पेंड खाल्लेली कुत्री माझ्याकडे आली आहेत.

आणि बेदाणे. या घरात बेदाणे फुटाण्यासारखे सगळीकडे होते: टीपॉयवर वाटीत, देवापुढे, मुलांच्या डब्यात. मुलांचे वडील बाजारातून येताना शर्टाच्या खिशात नमुन्याच्या पुड्या घेऊन येत. पुडी फाटली की चार दाणे खुर्चीखाली. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात. २०२१ पासून यामागे टार्टारिक आम्लाचा हात असावा असं पशुवैद्यक मानू लागले आहेत. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंचही त्याच यादीत. किती दाणे चालतात असं सुरक्षित प्रमाण ठरलेलं नाही. एखादं कुत्रं ओंजळभर पचवतं, दुसऱ्याला थोडेसेही भोवतात.

यावर वडिलांचा आक्षेप अगदी रास्त होता: "बागेतली कुत्री खाली पडलेली द्राक्षं खातात की. त्यांना काय होत नाही." खरं आहे, बऱ्याच जणांना काही होत नाही. ज्याला होतं त्याला होण्याआधी ओळखता येत नाही, आणि शेतावरचं एखादं कुत्रं दोन-चार दिवस मलूल पडून मेलं तर त्याची किडनी कुणी तपासत नाही.

पुढे आलेले पर्याय

पहिला पर्याय ठरल्याप्रमाणे पाडव्यालाच पिल्लू आणायचा. तेव्हा ते जेमतेम सहा आठवड्यांचं झालं असतं. कुत्र्यांच्या विक्रीसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, त्यांत आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. इथे विक्री नव्हती, पण त्या नियमामागचं कारण इथेही लागू होतं. आई आणि भावंडांसोबतच्या शेवटच्या आठवड्यांत पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतं. सहा वर्षांच्या मुलीच्या घरात ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय उन्हातल्या मातीचे पाच महिनेसुद्धा तेव्हा पुरे झाले नव्हते.

दुसरा पर्याय वडिलांनी सुचवला: सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक. मला तो पटला नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ब्लॉक वर्षभरात खालीवर होतात. मे महिन्यात त्यावर पिल्लाचे पंजे भाजतात. आणि आण्णांची बाग जाते, ज्या बागेसाठी ते या घरात परत आले होते. माती वरवर अर्धा फूट खरवडून टाकायचाही विचार झाला. पण ती माती टाकायची कुठे? ज्या मोकळ्या जागेत टाकू तिथे दुसऱ्या कुणाची तरी पिल्लं असणार.

तिसरा, लस पूर्ण झालेलं मोठं कुत्रं दत्तक घ्यायचा. वयस्क माणसं असलेल्या घरांत हा पर्याय लोक फार लवकर बाजूला सारतात असं माझं मत आहे. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव दिसत असतो, ते कमी कुरतडतं, आणि या घरात मातीचा प्रश्नही बराच सुटला असता. पण मुलांनी शेतावर जाऊन पिल्लू हातात घेतलेलं होतं. तिचं नाव चिंगी ठेवूनही झालं होतं. तिथे हा पर्याय संपला.

चौथा, पूर्ण वर्षभर थांबायचा. सुरक्षित होता, पण घरात कुणालाच मान्य नव्हता.

पाचवा आम्ही बोलता बोलता बांधत गेलो. पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहू द्यायचं. पहिली लस तिथेच, तासगावच्या पशुवैद्यकांकडून. एप्रिलच्या मध्याला घरी आणायचं, पण पाय मातीला लागू द्यायचे नाहीत. फक्त घर, पोर्च, फरशीची वाट आणि गच्ची. लसीचे पुढचे डोस दर ३ ते ४ आठवड्यांनी, शेवटचा १६ आठवड्यांचं झाल्यावर. त्यानंतर दोन आठवड्यांनी बाग उघडायची, म्हणजे जूनचा उत्तरार्ध. तोवर सावलीच्या मातीचेही सात महिने उलटून जातात. इतके डोस कशाला, असं आजींनी विचारलं. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लसच निकामी करते, आणि ती कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं असतं. ती ओसरल्यावर एक तरी डोस नक्की पडावा, म्हणून ही रांग लावतात.

या पर्यायाचे दोन तोटे मी तेव्हाच सांगितले. पहिला, पिल्लू आणखी काही आठवडे ऐन द्राक्षांच्या तोडणीत बागेत राहणार, खाली पडलेले मणी आणि फवारणी यांच्यामध्ये. म्हणून माहेरच्यांनी कुत्रीला पिल्लांसकट बेदाण्याच्या रॅकपासून लांब, गोठ्याकडे हलवलं. दुसरा तोटा मला जास्त टोचत होता. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या स्वभावाचा पाया घालतो. तेव्हा जग पाहिलं नाही तर ते पुढे भित्रं होतं, आणि भित्रं कुत्रंच चावतं. पार्वोच्या भीतीनं त्या दिवसांत पिल्लू कोंडून घातलं तर जीव वाचेल आणि स्वभाव बिघडेल. त्यावर तोड अशी काढली की चिंगीनं बाहेर जायचं, पण टोपलीत किंवा कडेवर.

मुलांना तारीख पुढे गेल्याचं सुनेनं कॅलेंडरवर लसीचे दिवस लिहून समजावलं. नात रुसली. नातवानं मात्र बाग कधी उघडणार ती तारीख स्वतः लाल पेनानं लिहिली.

काय केलं

मोरीचं पाणी आधी गटारीला जोडलं, म्हणजे रामफळाखालची जागा वाळायला लागली. ते झाड आणि मागचा सगळा भाग बांबू आणि हिरव्या शेडनेटनं बंद केला. साखळी, जुनं गोणपाट आणि ती वाटी फेकली. वाटी टाकताना आजींना वाईट वाटलं, पण त्यांनीच ती पिशवीत बांधून घंटागाडीत दिली.

पोर्च, पायऱ्या आणि वाट आधी साबणानं घासली, कारण घाणीवर ब्लीच काम करत नाही. मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी, आणि फरशी १० मिनिटं ओली राहील एवढं ओतून ठेवलं. ब्लीचमध्ये फिनेल किंवा संडास धुण्याचं ॲसिड मिसळू नका हे मी दोनदा बजावलं. ॲसिडबरोबर त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपल्याकडे जास्त स्वच्छ व्हावं म्हणून दोन्ही एकत्र ओतण्याची सवय आहे. मातीवर ब्लीच टाकलेलं नाही, तिथे ते वाया जातं. तिथलं काम एप्रिल-मेच्या उन्हावर सोडलं.

बागेत जायच्या चपला वेगळ्या केल्या आणि त्या पायरीखालीच राहायच्या. हा नियम आण्णांनी इतक्या निष्ठेनं पाळला की पाहुण्यांच्याही चपला ते स्वतः उचलून बाहेर ठेवत.

कण्हेरीवर थोडी बोलाचाली झाली. "मग देवाला काय घालू?" असं आजी म्हणाल्या. जास्वंद आधीपासून होती, मोगऱ्याच्या दोन कुंड्या आणल्या. दोन्ही कुत्र्याला निर्धोक आहेत. कण्हेर आण्णांनी हातात मोजे घालून तोडली, बुंध्यासकट खणली. पाला जाळायचा नाही असं सांगून ठेवलं होतं, कारण तिचा धूरही त्रास देतो. सायकस सुनेच्या ओळखीच्या एका कार्यालयात गेला. एरंडीची पेंड एका शेतकऱ्याला दिली, जुन्या आळ्यांतली वरची माती काढून तिथे कुजलेलं शेणखत घातलं. मागच्या भिंतीला लावलेला विटांचा ढीग हलवायला आण्णा तयार नव्हते. तिथे उंदीर होते, आणि उंदरांमागे घोणस किंवा नाग येतो. नातवंडांचं नाव काढल्यावर ढीग हलला.

गेटच्या पट्ट्यांमधून पिल्लाचं डोकं जात होतं आणि डोकं गेलं की बाकीचं अंग जातंच. खालच्या दोन फुटांना जाळी बांधली. पाण्याच्या हौदाचं झाकण फुटकं होतं, ते बदललं. मला त्या घरात सर्वांत जास्त भीती वाटली ती त्या झाकणाची.

घरात बेसिनच्या जाळीवर आणि कपाटांत डांबरगोळ्या होत्या. पांढऱ्या, गोल, तोंडात बसणाऱ्या, आणि कुत्र्याला विषारी. सगळ्या काढल्या. देवघराच्या खालच्या कप्प्यातला कापूर वर गेला, कापरानं कुत्र्याला झटके येतात. आण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या टीपॉयवरून कपाटात गेल्या. आजींच्या शिवणाच्या डब्याला झाकण आलं, कारण दोरा ओवलेली सुई पिल्लू दोऱ्यासकट गिळतं. इन्व्हर्टरच्या वायरी पाइपमध्ये घातल्या. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाकल्या. उंदराचं औषध घरात कुठे ठेवलंय का, असं मी प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, आणि ते कपड्यांच्या कपाटामागे सापडलं. ठेवलं होतं भाडेकरूंनी. कुणाला माहीतच नव्हतं.

बेदाण्यासाठी एकच डबा ठरला, घट्ट झाकणाचा, वरच्या फळीवर. वडिलांनी दारातच खिसे रिकामे करायचे.

बाग बंद म्हटल्यावर शी-शूची सोय करणं आलं. पोर्चच्या कोपऱ्यात एका पसरट पत्र्याच्या ट्रेमध्ये वाळू ठेवली. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर चिंगीला तिथे न्यायचं. आत कुठे केलं तर ओरडायचं नाही, पुसून घ्यायचं.

काय घडलं

चिंगी एप्रिलच्या मध्याला आली. सोबत गोठ्यातल्या गोणपाटाचा एक तुकडा आणला होता, आईच्या वासाचा. तो खोक्यात घातला आणि खोकं आजींच्या खाटेशेजारी. पहिल्या काही रात्री ती रडली, आजी हात खाली सोडून झोपल्या. गाईचं दूध द्यायचा मोह सगळ्यांना झाला, पण ते पिल्लांना सहसा पचत नाही. शेतावर ती जे खात होती तेच आठवडाभर दिलं आणि हळूहळू नवं खाणं मिसळत नेलं.

संध्याकाळी सून तिला टोपलीत घेऊन स्कूटरवर मागे बसायची. गणपती मंदिराच्या घंटा, बाजारातली हमाली, एसटी स्टँडचे कर्णे हे सगळं चिंगीनं टोपलीतून पाहिलं. खाली मात्र तिला कुणी ठेवलं नाही.

मे महिन्यात जे व्हायला नको होतं तेच झालं. तासगावहून नातेवाईक आले, भेट म्हणून बेदाण्याचा बॉक्स आणला आणि हॉलमधल्या टीपॉयवर ठेवला. घरच्यांना नियम पाठ होते, पाहुण्यांना कुणी सांगितले नव्हते. बॉक्सचा कोपरा फाडून चिंगी खात असताना नातीनं पाहिलं. आजींनी मिठाचं पाणी करायला घेतलं, पण सुनेनं आधी मला फोन लावला. ती पाच मिनिटं फार मोलाची ठरली. मिठाच्या पाण्यानं उलटी होईलच असं नाही, आणि एवढ्याशा जिवाच्या रक्तात मीठ वाढलं तर तेच जीव घेऊ शकतं. बोटं घालून ओकवणंही तितकंच वाईट. तासाभराच्या आत ती दवाखान्यात होती. इंजेक्शननं उलटी करवली, फुगलेले बेदाणे बाहेर पडले. किती खाल्ले हे कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून सलाइन चालू ठेवलं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत किडनीच्या तपासण्या केल्या. किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन वाढलं नाही. त्या तीन दिवसांत वडील बाजारात गेले नाहीत. दवाखान्याच्या बाकावर बसून होते.

पार्वो झाला नाही. तो मातीच्या बंदोबस्तामुळे टळला की मातीत विषाणू उरलाच नव्हता, हे कुणी सांगू शकणार नाही.

शेवटचा डोस जूनमध्ये झाला, पाठोपाठ बाग उघडली. आणि चिंगी बागेत जाईना. गवतावर उभी राहायची, इकडेतिकडे बघायची, पळत पोर्चमध्ये येऊन वाळूच्या ट्रेमध्ये मोकळी व्हायची. पिल्लाच्या पायाला ज्या जमिनीची सवय लागते तीच त्याला शी-शूची जागा वाटते. ट्रे रोज थोडा थोडा बागेकडे सरकवला, मग त्यात गवताची ढेकळं ठेवली, शेवटी ट्रे काढला. तोवर पाऊस लागला होता.

पावसात वेगळीच कामं निघाली. बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडले, वजनाप्रमाणे औषध दिलं. साचलेल्या पाण्यामुळे आणि उंदरांमुळे लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूच्या आजाराची, भीती होती, ती लस आधीच्या डोसांबरोबर दिलेली होती. एका रात्री तिनं भेक, म्हणजे विषारी कातडीचा बेडूक, तोंडात धरला आणि तोंडाला फेस आला. नातवानं तिचं तोंड खाली वाकवून नळाच्या पाण्यानं बाहेरच्या दिशेनं धुतलं, हे त्याला आधीच दाखवून ठेवलं होतं.

२०१९ आणि २०२१ चा पूर या भागात कुणी विसरलेलं नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका, हे इथे शाळकरी पोराला ठाऊक असतं. पण पळापळीत कुत्र्याचं काय, हे फार थोड्या घरांत ठरलेलं असतं. या घरानं विश्रामबागेतल्या नातेवाइकांशी बोलून ठेवलं. टोपली, साखळी, लसीची फाइल प्लास्टिकमध्ये, हे सगळं एका हुकला. त्या पावसाळ्यात पाणी घरापर्यंत आलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पाहुण्यांची बाजू पूर्ण उघडी राहिली. दारात आणलेली खाण्याची वस्तू आधी स्वयंपाकघरात, असा एक नियम घरच्यांनी पाहुण्यांसाठीही ठेवला असता तर मेमधलं संकट टळलं असतं. आता ते तसंच करतात. सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाणा ही भेट म्हणून घरोघर जाणारी वस्तू आहे, त्यामुळे हा नियम इथे इतर कुठल्याही गावापेक्षा जास्त लागतो.

ट्रेमध्ये वाळूऐवजी पहिल्या दिवसापासून हरळीची ढेकळं ठेवता आली असती, शेतावरून किंवा रोपवाटिकेतून आणून, जिथे कुत्री फिरत नाहीत अशा जागेची. मग जूनमध्ये बाग तिला परकी वाटली नसती.

मुलांना सणाची तारीख आधी सांगायला नको होती. तारीख पुढे ढकलायला सुनेला बरीच मनधरणी करावी लागली. पुष्कळ घरांत तेवढं बळ राहत नाही आणि सहा आठवड्यांचं पिल्लू अंगणात उतरतं.

शेजारच्या काकू बोलल्या नसत्या तर? भाड्यानं दिलेल्या किंवा विकत घेतलेल्या घरात पिल्लू आणताना गेल्या वर्षभरात इथे कुत्रं होतं का, आजारी पडलं का, कुठे बांधायचे, हे भाडेकरूला किंवा आधीच्या मालकाला स्वतःहून विचारायला हवं. या घरी ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, येण्याचं कारणही नव्हतं.

एका गोष्टीवर आमचं एकमत झालं नाही. रामफळाखालचा सावलीचा तुकडा त्यांनी बाकीच्या बागेबरोबरच जूनमध्ये उघडला. आण्णांचं म्हणणं, सात महिने उलटले आणि लस पूर्ण झाली, आता शेडनेट कशाला? ते चूक नव्हते. पण त्या जागेत कितीतरी महिने मोरीचं पाणी मुरलेलं होतं, आणि शेवटच्या डोसनंतरही लस न लागलेलं एखादं पिल्लू असतंच. रक्तातली प्रतिपिंडं मोजायची चाचणी शेवटच्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी करून, ती पाहूनच तेवढा कोपरा मी मोकळा केला असता. चाचणी न करता तो दिवाळीपर्यंत बंद ठेवला असता, तरी बाकीची बाग चिंगीला पुरेशी होती.